घास आणि नळी : के. ई. एम. रुग्णालयातील एका दीर्घ शुश्रूषेचा विचार

न्यायालयाचे निकालपत्र इतिहासाचे साधन म्हणून वापरावयाचे झाल्यास, त्यातील निर्णयापेक्षा निर्णयाच्या आधी नोंदलेल्या वस्तुस्थितीकडे अभ्यासकाने अधिक लक्ष द्यावे. निर्णय पुढे बदलतो, त्यावर टीका होते, मोठे न्यायपीठ त्यात दुरुस्ती करते. परंतु साक्षीत किंवा तज्ज्ञांच्या अहवालात ओघाने आलेली एखादी बारीकशी नोंद तशीच राहते, आणि पुष्कळदा तीच त्या काळाविषयी अधिक काही सांगून जाते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी अरुणा रामचंद्र शानबाग यांच्या प्रकरणी दिलेल्या निकालपत्रात अशी एक नोंद आहे. १६ सप्टेंबर २०१० पर्यंत रुग्णाला तोंडाने अन्न घेता येत होते. त्या सुमारास ताप आला, तो बहुधा हिवतापाचा होता. त्यानंतर तोंडाने जाणारे अन्न कमी झाले आणि नाकावाटे जठरात नळी घालण्यात आली. दयामरणाच्या कायद्याविषयी ह्या निकालाच्या निमित्ताने विपुल लेखन झाले. त्या लेखनाला ह्या तारखेपाशी थांबण्याचे कारण नव्हते. शुश्रूषेच्या इतिहासाला मात्र तेथे थांबणे भाग आहे.

प्रकरणाची हकीकत सर्वपरिचित असल्याने थोडक्यात सांगणे पुरे. अरुणा शानबाग ह्या मूळच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या. मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. गळा आवळला गेल्यामुळे मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि मेंदूची जी हानी झाली ती पुन्हा भरून आली नाही. तेव्हापासून १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात होत्या. चौथ्या क्रमांकाच्या कक्षालगतची एक लहान खोली हे त्यांचे घर झाले. १९८०च्या दशकात त्यांना तेथून हलविण्याचे प्रयत्न झाले तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि ते प्रयत्न सोडून द्यावे लागले. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. शिकाऊ परिचारिकांच्या प्रत्येक तुकडीला ह्या रुग्णाची ओळख करून देण्याचा प्रघात पडला. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी २०११च्या आरंभी त्यांना तपासले तेव्हा, इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही अंगावर एकही शय्याव्रण नसल्याचे त्यांनी नमूद केले. वैद्यकाशी ज्याचा परिचय आहे त्याला ह्या एका वाक्याचे मोल सांगावे लागणार नाही.

त्याच अहवालात अन्नाविषयीचा मजकूर आहे. मासे, कोंबडीचे सूप असे आवडीचे पदार्थ मिळाले की रुग्णाच्या चेहऱ्यावर आनंद दिसे, नावडता पदार्थ ती थुंकून टाकी, असे तेथील कर्मचाऱ्यांनी सांगितल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे. हे सांगणे कर्मचाऱ्यांचे आहे, तपासणीचा निष्कर्ष नव्हे, हा भेद अभ्यासकाने दृष्टीआड करू नये. अशा रुग्णाच्या हसण्याचा अर्थ लावणे किती कठीण असते हे मज्जाशास्त्रज्ञ जाणतात. तथापि रुग्णाला त्या हसण्याची जाणीव होती की नव्हती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते : घास घेणाऱ्या चेहऱ्याकडे घास देणारी व्यक्ती पाहत होती.

मराठीत अन्न देण्याच्या क्रियेसाठी निरनिराळी क्रियापदे आहेत. पंगतीला वाढतात, भुकेल्याला खाऊ घालतात, तान्ह्याला पाजतात, आणि ज्याला स्वतःच्या हाताने खाता येत नाही त्याला भरवतात. 'भरवणे' ह्या क्रियेचे कर्म बहुधा 'घास' हेच असते, आणि त्या क्रियेत भरवणाऱ्याचा हात व खाणाऱ्याचे तोंड ही दोन्ही गृहीत असतात. रुग्णालयातील बोलण्यात नळी आली की क्रियापद बदलते. तेथे 'फीड' देतात. तीन तासांनी 'आर. टी. फीड' द्यावयाचे, असा निरोप एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे जातो. औषध देतात, सलाईन देतात, तसेच फीड देतात. नळीने दिलेले अन्न हे अन्न की उपचार, ह्या प्रश्नावर इंग्लंडातील सरदारसभेने १९९३ साली टोनी ब्लँड ह्या तरुणाच्या खटल्यात बराच खल केला आणि तो उपचारच होय असा निर्णय दिला. रुग्णालयांच्या बोलीने त्या खटल्याची वाट न पाहता आपला निर्णय क्रियापदातूनच दिलेला दिसतो. गंमत अशी की घरी गेल्यावर हेच लोक 'नळीने भरवतो' असे म्हणतात.

'आर. टी.' म्हणजे राइल्स ट्यूब. ज्या जॉन आल्फ्रेड राइल ह्यांचे नाव तिला मिळाले ते लंडनच्या गायज् रुग्णालयातील वैद्य; पुढे १९४३ साली ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाचे अध्यासन निघाले तेव्हा त्याचे ते पहिले प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी ही बारीक रबरी नळी प्रचारात आणली ती अन्न घालण्यासाठी नव्हे. जठरातील रस ठरावीक अंतराने बाहेर काढून तपासता यावा, हा तिचा हेतू होता. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स येथे आब्राहम लेव्हिन ह्यांनीही अशीच नळी सुचविली. बाहेर काढण्यासाठी केलेली वस्तू आत घालण्यासाठी वापरली जाऊ लागली. अन्नासाठी नळी वापरण्याची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. जॉन हंटर ह्यांनी १७९० साली गिळण्याची शक्ती गेलेल्या एका रुग्णासाठी लवचीक काडीवर बाम माशाचे कातडे चढवून नळी तयार केली आणि तिच्यावाटे पातळ अन्न व औषधे जठरात पोहोचविली. रुग्ण पुढे गिळू लागला आणि नळीचे काम संपले. हंटर ह्यांच्या मनात नळी ही काही दिवसांची सोय होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

हिंदुस्थानात ह्या नळीचा इतिहास रुग्णालयाइतकाच तुरुंगातूनही जातो. अंदमानच्या कारागृहात अन्नत्याग करणाऱ्या राजबंद्यांना नाकात नळी घालून बळाने दूध पाजण्याची रीत होती; मराठी वाचकांना ती सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' ह्या पुस्तकामुळे ठाऊक आहे. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ह्यांना असेच बळाने अन्न देण्याचा प्रयत्न झाला, त्यात फुफ्फुसांना इजा पोहोचली, आणि ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर रोजी त्यांचा अंत झाला. १७ मे १९३३ रोजी अंदमानात महावीर सिंह ह्यांचा मृत्यू झाला तो नळीतून ओतलेले दूध फुफ्फुसात गेल्यामुळे. त्याच महिन्यात मोहनकिशोर नामदास आणि मोहित मैत्र हे आणखी दोन उपोषणकर्ते बंदी बळाच्या अन्नदानानंतर न्यूमोनियाने दगावले. तुरुंगातील ह्या मृत्यूंचा उल्लेख राजकीय इतिहासात हौतात्म्य म्हणून होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु नळीची जागा चुकणे आणि फुफ्फुसदाह होणे ह्यांचा कार्यकारणसंबंध ह्या देशात इतक्या उघडपणे अन्यत्र क्वचितच नोंदला गेला असेल. धडपडणारा बंदी, त्याला दाबून धरणारे हात, खोकल्याकडे दुर्लक्ष, आणि नळी कोठे गेली आहे ह्याची खात्री न करताच सुरू केलेली दुधाची धार : चूक होण्यास जे जे लागते ते सर्व तेथे होते.

ही चूक का होते, हे समजण्यासाठी घशाची रचना लक्षात घ्यावी लागते. अन्ननलिका आणि श्वासनलिका ह्यांची तोंडे शेजारी शेजारी आहेत. माणूस गिळतो त्या क्षणी श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासमार्गाच्या तोंडावर झापड येते. एवढे करूनही चुकून कण आत गेला तर ठसका लागतो. ठसका हा पहारेकरी होय. बेशुद्ध किंवा मेंदूची हानी झालेल्या रुग्णात पुष्कळदा हा पहारेकरीच झोपलेला असतो. मग नळी श्वासनलिकेत शिरली तरी रुग्ण खोकत नाही, आणि लाळ वा अन्न आत झिरपले तरी बाहेरून काही कळत नाही. नळीतून हवा सोडून पोटावर कान वा नलिकायंत्र ठेवून आवाज ऐकण्याची जी जुनी पद्धत होती, ती विश्वासार्ह नाही हे आता मान्य झाले आहे, कारण फुफ्फुसात सोडलेल्या हवेचा आवाजही पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता तपासणे, आणि शंका असल्यास क्ष-किरण चित्र घेणे, हेच खात्रीचे मार्ग मानले जातात. सवय मात्र ज्ञानापेक्षा चिवट असते आणि कानाने खात्री करणे अनेक ठिकाणी चालूच राहिले.

नळी बरोबर जठरात असली म्हणजे धोका संपला, अशी समजूत पुष्कळ काळ होती. ती पुढे टिकली नाही. १९४६ साली न्यू यॉर्क येथील कर्टिस मेंडेलसन ह्यांनी भूल दिलेल्या बाळंतिणींच्या ४४,०१६ नोंदी पाहून त्यांतील ६६ जणींच्या फुफ्फुसात जठरातील पदार्थ उलटून गेल्याचे दाखविले. जठरातील आम्ल फुफ्फुसाला कसे भाजते, हेही त्यांनी सशांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. म्हणजे जठरात पोहोचलेली वस्तू जठरातच राहील असे नाही. १९५२च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीनंतर अतिदक्षता विभाग ही संस्था उभी राहिली आणि पुढे ती जगभर पसरली. तिच्यामुळे, आठवडेच्या आठवडे उताणे पडून राहणारे, श्वासनलिकेत एक आणि जठरात दुसरी अशा दोन नळ्या असलेले रुग्ण हा एक नवाच वर्ग निर्माण झाला. जठरातील नळी अन्ननलिकेच्या खालच्या दाराला पूर्ण मिटू देत नाही. उताण्या रुग्णात अन्न वर चढण्यास गुरुत्वाकर्षणाचा अडसर उरत नाही. आणि तोंडाने काही जात नसल्यामुळे तोंड स्वच्छ करण्याकडे दुर्लक्ष होऊन तेथे जंतू माजतात व लाळेबरोबर खाली उतरतात.

ह्यांपैकी स्थितीचा, म्हणजे रुग्णाला कसे निजवले आहे ह्याचा, विचार बार्सिलोना येथील संशोधकांनी १९९९ साली प्रयोगाने केला. कृत्रिम श्वसनयंत्रावरील ८६ रुग्णांपैकी काहींना सपाट आणि काहींना ४५ अंशांच्या कोनात ठेवण्यात आले. न्यूमोनियाची लक्षणे सपाट निजलेल्या ४७ पैकी १६ जणांत, तर उंच निजवलेल्या ३९ पैकी केवळ ३ जणांत दिसली. सपाट निजवून नळीने अन्न दिलेल्या रुग्णांत तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत गेले. फरक एवढा मोठा होता की प्रयोग नियोजित काळाआधीच थांबविण्यात आला. पुढे नेदरलँड्समध्ये हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तेव्हा वेगळीच गोष्ट उघड झाली : ४५ अंशांचा कोन बहुतेक वेळ राखताच आला नाही. रुग्ण घसरतो, त्याला कुशीवर वळवावे लागते, अंथरूण बदलावे लागते. प्रयोगाच्या कागदावरील कोन आणि पलंगाचा प्रत्यक्ष कोन ह्यांतील हे अंतर शुश्रूषेचे आहे आणि ते भरून काढण्यास माणसे लागतात.

नळीचे टोक जठरात असावे की पुढे लहान आतड्यात न्यावे, हा दुसरा वाद. जठर ओलांडले तर अन्न वर येण्याचा संभव कमी, हे तर्काला पटते. ऑस्ट्रेलियातील १७ अतिदक्षता विभागांत १८१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र दोन्ही गटांत न्यूमोनियाचे प्रमाण जवळजवळ सारखेच, २० आणि २१ टक्के, निघाले. उलट २०१५ साली १४ प्रयोगांतील ११०९ रुग्णांची माहिती एकत्र करणाऱ्या समालोचनाने आतड्यातील नळीच्या बाजूने सुमारे ३० टक्क्यांची घट दाखविली. दोन्ही निष्कर्ष प्रामाणिक आहेत. लहान प्रयोग एकट्याने जे सांगू शकत नाही ते अनेक प्रयोग मिळून सांगतात, हे एक. आणि आतड्यापर्यंत नळी नेण्यास लागणारे कौशल्य व वेळ प्रत्येक ठिकाणी मिळत नाही, हे दुसरे. दीर्घ आजारात, विशेषतः स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत, नळीमुळे न्यूमोनिया टळतो ह्याला पुरावा नाही, असे १९९९ सालीच अमेरिकेतील फिनुकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासून दाखविले होते. ठसका लागू नये म्हणून घातलेली नळी ठसक्याचे कारण नाहीसे करीत नाही; लाळ तर नळीवाटे जात नाही.

आता के. ई. एम.मधील त्या तारखेकडे वळावे. मेंदूची इतकी हानी झालेल्या रुग्णाला वर्षानुवर्षे तोंडाने भरवणे हे वैद्यकीय दृष्ट्या निर्धोक नव्हे. प्रत्येक घासाला फुफ्फुसाचा धोका असतो. अन्न कुसकरावे लागते, रुग्णाला उठवून धरावे लागते, आधीचा घास खाली उतरला की नाही हे पाहून मगच पुढचा द्यावा लागतो. एका जेवणाला नळीने दहा-पंधरा मिनिटे पुरतात, तेथे हाताने तास लागू शकतो. ह्या रुग्णाच्या बाबतीत तो तास दशकानुदशके कोणीतरी काढला. अतिदक्षता विभागाच्या सांख्यिकीत ही गोष्ट बसत नाही. प्रयोगांचे निष्कर्ष दिवसांत आणि आठवड्यांत मोजलेले आहेत.

पिंकी विराणी ह्यांनी १९९८ साली ह्या रुग्णाचे चरित्र लिहिले होते. २००९ साली त्यांनीच सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. रुग्णालयाने रुग्णाला अन्न देणे थांबवावे आणि तिला शांतपणे मरू द्यावे, अशी तीत मागणी होती. ती केली तेव्हा नाकात नळी नव्हती, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. थांबवावयाचा होता तो घास. याचिकेतील वर्णन आणि रुग्णालयाचे उत्तर ह्यांत तफावत आढळल्याने न्यायालयाने डॉ. जे. व्ही. दिवेटिया, डॉ. रूप गुरसहानी आणि डॉ. नीलेश शहा ह्यांची समिती नेमली. पण ती तपासणीस पोहोचेपर्यंत मधल्या हिवतापाने चित्र पालटले होते. विधिज्ञांनी ब्लँड प्रकरणाचा जो आधार घेतला तो नळीच्या अन्नाविषयीचा होता. घासाविषयी तसा निर्णय कोणत्याही न्यायालयाने सहजी दिला असता, असे वाटत नाही. १६ सप्टेंबर २०१० ह्या तारखेने रुग्णाची प्रकृती बदलली तशीच वादाची भाषाही बदलली.

न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा ह्यांनी याचिका फेटाळली. रुग्णाचा खरा निकटचा मित्र याचिकाकर्ती नसून रात्रंदिवस तिची काळजी घेणारे के. ई. एम.चे कर्मचारी होत, असे त्यांनी म्हटले. त्याच वेळी उपचार थांबवून येऊ द्यावयाच्या मृत्यूला, उच्च न्यायालयाच्या अनुमतीने, ह्या देशात प्रथमच वाट करून दिली. कर्मचाऱ्यांचे मत पुढे बदलल्यास त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, असेही सांगितले. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ह्या निकालातील काही विधाने चुकीची ठरवून सन्मानाने मरण्याचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले. त्या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. परंतु भरवणाऱ्याला निकटचा मित्र म्हणण्यात जो विचार होता तो त्यामुळे कालबाह्य झाला असे नाही.

ह्या विचाराची कसोटी आता मोठ्या रुग्णालयाबाहेरही लागते. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवरील अंथुर्ण्यासारख्या गावी, जेथून तुकोबांची पालखी दर आषाढीला पुढे जाते, पक्षाघात झालेला वृद्ध शहरातील अतिदक्षता विभागातून परततो तो पुष्कळदा नाकात नळी घेऊनच. बारामतीला २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे वाट जवळ आली आहे. तरी दर तीन तासांनी येणारा प्रसंग घरातच निभवावा लागतो. तेथे नळी सांभाळते ती बहुधा सून किंवा बायको. मुगाच्या वरणाचे पाणी, पातळ पेज, ताक गाळून पिचकारीत भरावयाचे. म्हाताऱ्याच्या पाठीशी लोड लावून त्याला उठते बसवावयाचे, आणि भरवून झाल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तसेच ठेवावयाचे. नळीवर केलेली खूण नाकपुडीपाशीच आहे ना, हे आधी पाहावयाचे. तोंड रोज पुसावयाचे, जेवण तोंडाने नसले तरी. बार्सिलोनाच्या प्रयोगातील कोन येथे एका लोडाने साधावा लागतो आणि त्या सुनेला कोणी सांगितले असेल तरच तो साधतो. सोडतेवेळी कागद हाती देणे म्हणजे सांगणे, असा समज रुग्णालयांत दृढ आहे. तो कागद अनेकदा इंग्रजीत असतो.

अरुणा शानबाग ह्यांना मे २०१५ मध्ये न्यूमोनिया झाला. हा न्यूमोनिया नळीमुळे झाला, असे म्हणण्यास आधार नाही. सहासष्ट वर्षांचे वय, चार दशकांचे अंथरूण, दुर्बळ झालेला खोकला ह्यांतील कोणतेही एक कारण पुरेसे आहे, आणि २०१० नंतर तोंडाने घास चालू राहिला असता तर हेच काही वर्षे आधी घडले नसते, असेही सांगता येत नाही. अनुक्रम म्हणजे कारण नव्हे, हा नियम वैद्यक आणि इतिहास दोघांनाही सारखाच लागू आहे. नोंदीतून जे निश्चित दिसते ते एवढेच : २०११ साली न्यायालयाने उघडी ठेवलेली वाट कर्मचाऱ्यांनी चोखाळली नाही. मुंबई उच्च न्यायालयाकडे त्यांनी अर्ज केला नाही. श्वास अपुरा पडू लागला तेव्हा त्यांना चौथ्या कक्षालगतच्या खोलीतून अतिदक्षता विभागात नेण्यात आले आणि कृत्रिम श्वसनयंत्र लावण्यात आले. १८ मे रोजी सकाळी त्यांचे निधन झाले, आणि अंत्ययात्रेत के. ई. एम.च्या परिचारिका होत्या.